किनाऱ्यावरून डॉल्फिन बघायचे तर संध्याकाळ सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या डिसेंबरात भोगव्याला आणि तारकर्लीला पुळणीवर लागोपाठ दोन संध्याकाळी दुर्बीण घेऊन बसलात, एकही डॉल्फिन दिसला नाही. बोटीतून फिरून आलेले मात्र "भरपूर दिसले" म्हणत होते. आईंना बोट लागते, गुडघेही दुखतात, म्हणून यंदा तीन रात्रींसाठी येताय, तेव्हाही बोट नको. किनाऱ्यावरून दिसतात तरी का, दिसत असतील तर नेमकं कुठे उभं राहायचं, आणि आणखी मोठी दुर्बीण घ्यावी का? शिवाय देवबागच्या बाजूला वाळूवर एक छोटा मेलेला डॉल्फिन पाहिलात, त्याला पाठीवर पंखच नव्हता. जाळ्यात अडकून तो कापला गेला असेल का?

आधी सरळ उत्तर देतो: दिसतात. मी वेंगुर्ला ते देवगड या पट्ट्यात बरीच वर्षं किनाऱ्यावरूनच नोंदी घेतो आणि अधूनमधून पाहुण्यांनाही दाखवायला नेतो. तुमची जागा चुकली असं मला वाटत नाही. वेळ चुकली, उंची कमी पडली, आणि बहुधा तुम्ही उडीची वाट बघत होता. "कुठे" हा प्रश्न सगळे विचारतात. खरी अडचण "कधी" आणि "काय शोधायचं" यात असते.

वेळेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला उतरतो आणि पाण्यावर अशी चमक मारते की पन्नास मीटरवरची होडीसुद्धा नुसती काळी आकृती दिसते. त्या चमकीत लाटेची सावली आणि डॉल्फिनची पाठ यांत डोळ्याला फरक करता येत नाही. सूर्यास्त बघायला ती वेळ उत्तम, डॉल्फिनसाठी सगळ्यात वाईट. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, डोंगरावर असतो. समोरचं पाणी एकसारखं उजळलेलं असतं आणि त्यावर काहीही गडद वर आलं की लगेच खुपतं. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण ऊन डोंगर ओलांडून पाण्यावर यायला आणखी वेळ लागतो. उजाडल्यापासून ऊन येईपर्यंतचा तो सपाट, बिनसावलीचा उजेड मला सगळ्यात आवडतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो किनाऱ्यालगत लाट उठवत नाही, त्यामुळे सकाळी आठ-नऊपर्यंत दर्या कित्येकदा तेलासारखा पडून असतो. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात आणि पाण्यावर सुरकुत्या पडायला लागतात. लाटांच्या माथ्यांवर ठिकठिकाणी पांढरा फेस फुटू लागला की मी दुर्बीण पिशवीत घालतो. त्यानंतर डॉल्फिन नसतात असं नाही. पण दर मिनिटाला शंभर ठिकाणी फेस चमकत असताना एक पाठ शोधणं म्हणजे डोळ्यांचे हाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले ते याचमुळे. मार्चपासून वायव्येचा वारा दुपारी जोर धरतो, आणि पावसाळ्यात तर बघायलाच नको.

आता काय शोधायचं ते. आपल्या किनाऱ्यालगत जो नेहमी दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. मच्छिमारांच्या तोंडी गादा. जाहिरातीच्या फलकांवर चार-चार फूट हवेत उसळणारे, गिरकी घेणारे डॉल्फिन असतात, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीचे, खोल पाण्यातले. आपला गादा उथळ पाण्यातला आहे. साधारण २० ते २५ मीटर खोलीच्या आत, खाड्यांच्या मुखांपाशी, खडकांच्या कडेने तो फिरतो. कधी लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडं पलीकडेच असतो. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला याहून सोयीचा डॉल्फिन सापडणार नाही. पण तो उड्या क्वचितच मारतो.

तो वर कसा येतो ते नीट डोक्यात बसवा. आधी लांबट चोच तिरकी पाण्याबाहेर येते, मग कपाळ. त्याच वेळी श्वास सुटतो. दर्या शांत असेल आणि प्राणी शे-दोनशे मीटरवर असेल तर तो "फूस्स" आवाज ऐकूही येतो. मग पाठीचा कणा वर वाकतो आणि त्यावर वशिंड दिसतं, आणि वशिंडाच्या माथ्यावर छोटा त्रिकोणी पर, म्हणजे पाठीवरचा पंख. सगळं पुढे घरंगळत पाण्यात जातं. हे दोन-तीन सेकंदांत उरकतं. असे तीन-चार श्वास थोड्या थोड्या अंतराने होतात, मग पाठ जरा जास्तच वाकते, कधी शेपटीचे दोन पंखे वर उचललेले दिसतात, आणि प्राणी खाली जातो तो एक-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ गायब. रंग शिशासारखा करडा. वयस्क प्राण्यांच्या वशिंडावर आणि परावर पांढरट-गुलाबी डाग, ओरखडे असतात, पिल्लं फिकट असतात आणि आईच्या कुशीला चिकटून वर येतात.

म्हणजे तुम्हाला दिसणार आहे ते एवढंच: पाण्यावर दोन सेकंद आलेली एक गडद कमान. ज्याची नजर उडीसाठी थांबलेली असते त्याच्यासमोरून दहा-बारा प्राण्यांचा कळप निघून जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. पुळणीवर हे मी डोळ्यांनी बघितलंय.

उंचीबद्दल. वाळूवर उभ्या माणसाचं क्षितिज साधारण ४.५ किलोमीटरवर असतं, ४० मीटर उंचीवर चढलं की ते २२ किलोमीटरच्या पुढे जातं. पण क्षितिज लांब गेल्याचा फायदा फारसा नाही, कारण दीड-दोन किलोमीटरपलीकडचा गादा साध्या दुर्बिणीतून ओळखणं कठीणच. फायदा कोनाचा आहे. वाळूवर बसल्यावर समोरची प्रत्येक लाट तिच्या मागचा खळगा झाकते, आणि डॉल्फिन निम्मा वेळ त्या खळग्यातच असतो. वरून बघताना पाणी पसरलेल्या चादरीसारखं दिसतं, लपायला जागा राहत नाही. १५-२० मीटरची उंचीसुद्धा पुष्कळ.

तुमच्या भागात निवतीचा किल्ला मला सगळ्यात बरा वाटतो. एका अंगाला भोगव्याची लांब पुळण, दुसऱ्या अंगाला निवती, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर दूर समुद्रात खडकांवरचा दीपस्तंभ. पण वाट चढाची आहे, आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी भोगव्याच्या वरचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, बघा. तिथून पुळण आणि कर्ली नदीचं मुख दोन्ही नजरेत येतात, गाडी जवळ नेता येते, आणि घडीची खुर्ची टाकली की त्या तुमच्यापेक्षा आरामात बसतील. वेंगुर्ला बंदराशेजारची दीपस्तंभाची टेकडीही तशीच सोयीची. उत्तरेकडे कधी गेलात तर हाच हिशेब लावा: नदीचं मुख आणि त्यावर टेकडी किंवा किल्ला. विजयदुर्गाला वाघोटन, पूर्णगडाला मुचकुंदी, जयगडाला शास्त्री, अंजनवेलच्या गोपाळगडाला वाशिष्ठी. आपल्या पूर्वजांनी किल्ले शत्रूची गलबतं लांबून दिसावीत म्हणून तिथे बांधले, ते आपल्यालाही उपयोगी पडतात. गोव्यात मांडवीच्या मुखावरचा आग्वाद याच कारणाने चांगला. मुंबईकर नातेवाईक असतील तर त्यांनाही सांगा, हेच डॉल्फिन वरळी आणि मलबार हिलच्या समोरच्या पाण्यातही दिसतात. उंच मजल्यावर राहणाऱ्यांनी हिवाळ्यात सकाळी चहा घेऊन खिडकीत बसावं.

भरती-ओहोटीचं लोक फार विचारतात. इथे मी छातीठोक सांगणार नाही, कारण ते त्या त्या मुखावर अवलंबून आहे. कुठे ओहोटीच्या पाण्याबरोबर खाडीतली बोय (हा मासा) बाहेर येते आणि डॉल्फिन मुखाशी टपून असतात, कुठे चढत्या पाण्याबरोबर ते आतपर्यंत शिरतात. कर्लीच्या मुखाशी मला पाणी वाहतं असताना जास्त दिसतात, भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की कमी. तो माझा अनुभव, नियम नव्हे. वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळभर ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराकडे जाते, म्हणजे सकाळभर पाणी चढतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. दोन्ही प्रकारच्या सकाळी पाणी हलतंच असतं, त्यामुळे सुट्टीचे दिवस भरतीवरून ठरवत बसू नका. वारा बघून ठरवा.

पुढचा भाग बघण्याच्या पद्धतीचा. दुर्बीण डोळ्याला लावून सुरुवात करू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी. समोरच्या पाण्याचे मनात दोन पट्टे करा, एक जवळचा, एक लांबचा, आणि डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवत जा. पाण्याचा आपला एक पोत असतो, तो कुठे मोडतोय एवढंच बघायचं. पक्षी मदत करतात. सुरय किंवा कुरव एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर तिथे माशांचा थवा वर आलेला असतो, आणि त्याच्या खाली कोणीतरी जेवत असण्याची शक्यता असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं, त्याची बाहेरची कडा बघा, मासेमारी करून परतणाऱ्या होड्यांच्या मागेही बघा. आणि रापणीवरच्या माणसांना विचारा. "आज गादे दिसले काय?" एवढ्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाही. फक्त जाळं ओढायचं काम चालू असताना विचारू नका, मासे वेगळे करायला बसले की विचारा.

काहीतरी दिसलं की पहिलं काम म्हणजे खूण धरणे. "त्या खडकाच्या उजवीकडे, नांगरलेल्या निळ्या होडीच्या पुढे" असं मोठ्याने बोला, म्हणजे घरच्यांच्या नजराही तिकडे वळतील. मग दुर्बीण लावा, पण जिथे दिसला तिथे नाही. तो ज्या दिशेला तोंड करून खाली गेला त्या दिशेला थोडं पुढे. बहुतेक जण गेलेल्या जागेवरच डोळे लावून बसतात आणि तो शंभर मीटर पुढे निघून जातो.

फसवणाऱ्या गोष्टीही पुष्कळ. जाळ्यांचे बोये आणि थर्मोकोलचे ठोकळे, पाण्यात बसलेले पाणकावळे, श्वास घ्यायला डोकं वर काढणारं कासव, उडी मारणारी बोय. ठोकळा लाटेबरोबर वर-खाली होतो आणि तिथेच राहतो. डॉल्फिन पुढे सरकतो, आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने: चोच, पाठ, पर. हा क्रम एकदा दिसला की पुन्हा शंका येत नाही.

दुर्बीण. तुम्ही ऑनलाइन घेतलेली झूमची, वीसपट दाखवणारी, ती घरी ठेवली तरी चालेल. जितकं मोठं दिसतं तितका दिसणारा तुकडा लहान होतो आणि हाताचा थरथराटही तितकाच मोठा होतो. समुद्रावर आपल्याला तुकडा मोठा हवा. ८×४२ (आठपट दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची) ही भरवशाची, ७×५० जड असते पण पहाटेच्या उजेडात सुरेख चालते. दहापटीच्या वर गेलात तर तिपाई लागेल. परत आल्यावर भिंगं कोरड्या रुमालाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने हलकेच पुसा. चमक कमी करणारा पोलरॉइड गॉगल असेल तर जवळच्या पाण्यासाठी उपयोगी.

आता त्या मेलेल्या प्राण्याविषयी. तुम्ही लिहिलंय की तोंड गोल होतं, चोच नव्हती, रंग काळा, लांबी माणसाच्या छातीएवढी. तो कापला गेलेला डॉल्फिन नसावा. तो बहुधा फिनलेस पॉरपॉइज होता, डॉल्फिनचा छोटा, बिनचोचीचा नातलग. पाठीवर पर नसणं हीच त्या जातीची ठेवण. पराच्या जागी पाठीच्या मध्यापासून शेपटीकडे जाणारा एक बुटका उंचवटा असतो आणि त्यावर खरखरीत बारीक दाणे, हाताला चामखिळींसारखे लागतात. पूर्ण वाढलेला प्राणीही फार तर दीड-पावणेदोन मीटर, म्हणून बघणाऱ्याला डॉल्फिनचं पिल्लू वाटतं. गाद्याच्या पिल्लाला चोच आणि छोटा पर दोन्ही असतात, त्यावरून फरक कळतो. तोंड उघडं असेल तर दातही बघा (हात न लावता): डॉल्फिनचे दात सुळ्यासारखे टोकदार, पॉरपॉइजचे फावड्यासारखे चपटे. जिवंतपणी तो गडद करडा असतो, मेल्यावर काही तासांत काळा पडतो. गंमत म्हणजे गादा आणि हा, दोघांचंही शास्त्रीय वर्णन एकाच वर्षी, १८२९ मध्ये, क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलं.

तो जिवंत दिसेल का? दिसू शकतो, पण हा फार लाजाळू. एकटा किंवा दोघं, उडी नाही, शेपूट दाखवणं नाही, होडीजवळ येणं नाही. पाणी अगदी आरशासारखं असेल तर ओल्या टायरच्या तुकड्यासारखं काहीतरी काळपट वर येतं, लोळतं आणि जातं. थोडीशी लाट असली तरी तो हातचा गेला. म्हणूनच ऊन यायच्या आधीच्या त्या सपाट उजेडाचा मी एवढा आग्रह धरतो. उथळ पाण्यात टाकलेल्या जाळ्यांत अडकून गुदमरणं हे त्याच्या मरणाचं मोठं कारण. तुम्ही पाहिलेला नेमका कशाने गेला ते शवविच्छेदनाशिवाय कोणी सांगू शकत नाही.

पुन्हा असा प्राणी दिसला तर वनविभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. सगळे डॉल्फिन आणि पॉरपॉइज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, त्यामुळे आठवण म्हणून दात-हाड उचलून आणणं हा गुन्हा ठरतो. शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे लांबीचा अंदाज येईल असा, अख्ख्या अंगाचा एक, डोक्याचा एक आणि पाठीचा एक फोटो काढा. प्राणी जिवंत असेल तर शेपटीला धरून ओढू नका, घाईने पाण्यात ढकलू नका. सावली करा, अंग ओलं ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका, आणि गर्दी मागे हटवा. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड असतं.

बोटीवाल्यांना "भरपूर" दिसले, त्याचंही सांगतो. बोट पाच-सहा किलोमीटर फिरते, शिवाय डॉल्फिन कुठे आहेत ते नाखवे एकमेकांना फोनवर कळवतात, त्यामुळे दिसतातच. पण चार बोटींनी घेरलेले डॉल्फिन श्वास घेतात आणि दूर जातात, तुम्हाला पाठमोरे दिसतात. टेकडीवरून त्यांना तुमचा पत्ताच नसतो. ते मासे हाकतात, एकमेकांना घासत जातात, पिल्लाला मध्ये घेतात, हे सगळं निवांत बघता येतं. बोटीवर ज्यांचं घर चालतं त्यांना मी नावं ठेवणार नाही. कुटुंबातल्या इतरांना जायचंच असेल तर निघण्याआधी नाखव्याला सांगा की डॉल्फिनच्या अंगावर बोट घालू नका, आडवे जाऊ नका, लांब थांबून इंजिन बंद करा, आम्हाला घाई नाही. पाहुणेच "अजून जवळ घ्या" म्हणतात म्हणून ते जवळ घेतात. गादा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत "संकटग्रस्त" आहे, आणि त्याचं सगळं आयुष्य याच चिंचोळ्या, होड्यांनी आणि जाळ्यांनी भरलेल्या पट्ट्यात जातं.

तुमच्या तीन रात्रींचा बेत मी असा करीन. पोहोचलात त्या संध्याकाळी समुद्राकडे डॉल्फिनसाठी बघूच नका, सूर्यास्त बघा आणि जेवा. झोपण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघा. पहिल्या सकाळी साडेसहाला भोगव्याच्या सड्यावर, आईंसह, थर्मासमध्ये चहा घेऊन, नऊपर्यंत. दुसऱ्या सकाळी आई आराम करतील तर तुम्ही एकटे निवतीच्या किल्ल्यावर. पहिल्या दिवशी सकाळपासूनच वारा असेल तर हट्ट न करता मालवणच्या बाजारात जा, दुसरा दिवस हातात आहे. दोन्ही सकाळी शांत मिळाल्या तर निदान एकदा तरी गादा दिसावा अशी माझी अपेक्षा आहे. हमी मात्र देत नाही, कारण ते रोज त्याच खाडीशी हजेरी लावायला बांधलेले नाहीत. दिसले तर वेळ, जागा, साधारण किती होते, पिल्लू होतं का आणि कुठल्या दिशेला गेले एवढं लिहून ठेवा आणि मला कळवा. आणि त्या मेलेल्या प्राण्याचा पाठीचा फोटो तुमच्याकडे असेल तर तोही पाठवा. पाठीवरचे दाणे त्यात दिसले तर ओळख पक्की करता येईल.